बडोद्याची ती १७ मते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बडोदे लोकसभा मतदारसंघावरचा आपला लेख वाचला. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी येथून ५,७०,१२८ मतांच्या आघाडीने निवडून आले, हे ठळकपणे आले आहे. मात्र भाजपचा ‘पहिल्यापासूनचा बालेकिल्ला’ हे शब्द खटकले.

१९९६ साली काँग्रेसचे सत्यजितसिंह गायकवाड भाजपच्या जितेंद्र सुखडियांपेक्षा फक्त १७ मते जास्त घेऊन लोकसभेत गेले. सतरा! दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यातच याहून जास्त मतदार होते. मतदानाच्या दिवशी आम्ही घरचे चौघे चुलतबहिणीच्या लग्नाला पुण्यात होतो. “चार मतांनी काय बिघडणार आहे,” असे मीच म्हणालो होतो. निकाल कळल्यावर वडील मला काही बोलले नाहीत. पुढे मात्र एकही मतदान त्यांनी चुकवले नाही. शेवटच्या खेपेला वॉकर घेऊन, केंद्र उघडायच्या आधी जाऊन उभे राहिले. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

ही जागा राजघराण्याची, असेही सर्रास म्हटले जाते. फत्तेसिंहराव गायकवाड १९५७ आणि १९६२ ला निवडून आले हे खरे. पण १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत, तेव्हाच्या बडोदे पश्चिममधून, अपक्ष इंदुभाई अमीन आले होते आणि १९६७ ला स्वतंत्र पक्षाचे पाशाभाई पटेल. १९८० आणि १९८४ ला रणजितसिंह गायकवाड, १९८९ ला जनता दलाचे प्रकाश ब्रह्मभट्ट, १९९१ ला भाजपकडून दीपिका चिखलिया, ज्यांना ‘रामायण’ मालिकेमुळे घरोघरी सीतामाई म्हणून ओळखत. म्हणजे १९८९ ते १९९६ या तीन निवडणुकांत तीन वेगळे पक्ष! भाजपची सलग सत्ता आहे ती १९९८ मध्ये जयाबेन ठक्कर निवडून आल्यापासूनची.

१९९६ ला मतपत्रिका होत्या, गठ्ठे हाताने मोजले जात. त्या मोजणीला बसलेले कर्मचारी आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी आता सत्तरीच्या आसपास असतील. त्यांना गाठून त्यांच्या आठवणी आपण छापाव्यात, ही कळकळीची विनंती. माझ्या मुलीचे नाव नुकतेच मतदार यादीत आले आहे. सतरा मतांची गोष्ट मी तिला सांगतो, तर “बाबा, सतरा हजार म्हणायचंय ना तुम्हाला?” असे ती विचारते.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे