उच्चार जुळला म्हणजे नाते जुळले?

महोदय,

भाषाविषयक सदरांत ‘अमुक परदेशी शब्द मुळात आपलाच’ अशा जोड्या हल्ली सर्रास वाचायला मिळतात. पुरावा काय, तर उच्चार सारखा. एवढ्यावर सोयरीक जमवायची तर आपल्या ‘काकां’चा गोतावळा आवरणार नाही. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, स्वीडिशमध्ये केक आणि माओरी भाषेत चक्क एक पोपट! (‘काकापो’ हा त्याचा रात्री हिंडणारा भाऊबंद, ‘पो’ म्हणजे रात्र.) यातला स्वीडिश काका इंग्रजी केकचा सख्खा नातलग आहे, पण माओरी पोपटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधील म्बाबराम या आदिवासी भाषेचे उदाहरण तर ऐकण्यासारखे आहे. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६०च्या दशकात आल्बर्ट बेनेट या जाणकाराला कुत्र्यासाठीचा शब्द विचारला. उत्तर आले, ‘डॉग’. इंग्रजीतून उचलला असेल, असेच कुणालाही वाटेल. पण त्याच भागातल्या यिडिन भाषेत कुत्र्याला ‘गुडागा’ म्हणतात. म्बाबराममध्ये शब्दांचा आरंभ गळत गेला, स्वर बदलले आणि गुडागाचा डॉग झाला. तशीच गळती तिथल्या इतर शब्दांतही दिसते, म्हणून हे पटते.

जपानी ‘आरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’वरून आला, हेही असेच छातीठोकपणे सांगितले जाते. दोन्हींचा अर्थ आभार, हे खरे. पण पोर्तुगीज जपानला पोहोचले १५४३ साली आणि ‘दुर्मीळ’ या अर्थाचे आरिगातोचे जुने रूप त्याच्या पाचशे वर्षे आधीच्या जपानी गद्यात भेटते.

उलट, खरे नाते कित्येकदा कानाला कळतही नाही. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘कुक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ एकाच मुळाचे. इंग्रजी ज्या जर्मानिक भाषाशाखेतली, तिच्यात मूळच्या ‘क’चा ‘ह’ झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमांपैकी हा एक. लॅटिन ‘केंटुम’ आणि इंग्रजी ‘हंड्रेड’ यांतही तोच फरक दिसतो.

तेव्हा शब्दाची सर्वांत जुनी नोंद कधीची आणि तोच ध्वनिबदल इतर शब्दांत दिसतो का, एवढे तरी सदरलेखकांना विचारावे. उत्तर नसेल तर व्युत्पत्ती म्हणून न छापता खुशाल शब्दकोड्याशेजारी छापा, आम्ही आवडीने वाचू.

— एक वाचक