गुडघ्यामागची प्रत्येक गाठ पाण्याची नसते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुडघ्यामागे गाठ आली की ‘पाण्याची आहे, अर्ध्या तासाचं काम’ म्हणून ती काढली जाते. बहुतेकदा ती पाण्याचीच, म्हणजे बेकर्स सिस्ट असते. पण तिथेच सायनोव्हियल सार्कोमा हा दुर्मीळ कर्करोगही होतो, मुख्यतः 15 ते 40 वयात. नाव फसवे आहे. तो सांध्याच्या अस्तरातून नव्हे, बहुधा सांध्यालगतच्या मऊ ऊतींतून उगवतो. वाढतोही इतका सावकाश की ‘दोन वर्षांपासून आहे, म्हणजे साधीच’ हा हिशेब इथे चुकतो.

बेकर्स सिस्टला सोनोग्राफीत सांध्याकडे जाणारी बारीक मान दिसते. ती दिसली नाही, गाठीत घट्ट भाग किंवा रक्तप्रवाह आढळला, तर सुरी खाली ठेवावी. एक्स-रेत चुन्याचे कण दिसले तर संशय बळावतो. असे कण साधारण एक तृतीयांश रुग्णांत असतात. एमआरआय गॅडोलिनियम (शिरेतून दिले जाणारे, गाठ उठून दाखवणारे औषध) देऊनच करावा, कारण साध्या एमआरआयमध्ये ही गाठ पाण्यासारखी पांढरी दिसू शकते. आणि तो बायोप्सीआधी. नंतर केल्यास आत साचलेले रक्त चित्र बिघडवते.

बायोप्सीसाठी 14 किंवा 16 गेजची (जाडीची) कोअर सुई, म्हणजे ऊतीचा सलग तुकडा काढणारी जाड सुई हवी. बारीक सुईने मिळालेल्या चार पेशींवरून प्रकार ठरवणे अवघड. सुईचा मार्ग पुढे गाठीबरोबर काढून टाकावा लागतो, म्हणून सुई कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावे. उघडी बायोप्सी करायचीच असेल तर छेद हातापायाच्या लांबीत घ्यावा. आडव्या छेदाने पेशी निरोगी कप्प्यांत पसरतात.

प्रयोगशाळेत टीएलई-1 हे पेशींतील प्रथिन दाखवणारा रंग मदत करतो, पण तो इतर गाठींतही उमटतो. खात्री होते ती एक्स आणि 18 क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल, म्हणजे एसएस-18 जनुकातील बदल, फिश (FISH, चमकत्या खुणा लावून गुणसूत्रे पाहण्याच्या) तपासणीत सापडल्यावर. निदान झाले की छातीचा सीटी स्कॅन लगेच, कारण हा रोग आधी फुप्फुसांत जातो.

गाठ आधीच काढलेली असेल तर ती 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात), तिच्या दहापट द्रवात आणि रुंद तोंडाच्या बरणीत पाठवावी. कोंबून भरलेली गाठ आतून कुजते आणि जनुकतपासणी वाया जाते. प्रयोगशाळेच्या अर्जावर नुसते ‘गुडघा, सूज’ लिहून भागत नाही: वय, नेमकी जागा, किती दिवसांपासून आणि एमआरआयचा अहवाल, एवढे तरी हवे. नातेवाइकांनी अहवालाच्या कागदासोबत मेणाचा ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि काचपट्ट्याही मागून घ्याव्यात. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किंवा अन्यत्र दुसरे मत घ्यायचे झाले, तर तपासणी त्यांवरच होते.

– एक विकृतिशास्त्रज्ञ, सोलापूर