बाबांच्या काकडीसाठी, बिनसाखरेचं

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फ्रिजच्या दारात ती सॅलड ड्रेसिंगची बाटली तुम्ही मधुमेहाच्या पथ्यासाठीच आणलीत, हे मला माहीत आहे. नुसती काकडी आणि कोबी रोज घशाखाली उतरत नाही. पण लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात, आणि तुमच्या बाटलीवर तेलाच्या पाठोपाठ साखर आहे. पैसे दिलेत म्हणून ती संपवत बसू नका. घरी करायचं व्हिनेग्रेट लिहून पाठवतेय. तेल, आंबट आणि मोहरी, बास.

आई, यातली खरी करामत मोहरीची. अर्धा चहाचा चमचा मोहरी खलबत्त्यात कुटून थोड्या गार पाण्यात फेस, तू काकडीच्या कोशिंबिरीला फेसतेस तशी, नाकात झणका जाईपर्यंत. पाणी कढत नको, त्यानं तिखटपणा मरतो. फेसलेली मोहरी दहा मिनिटं तशीच राहू दे. आंबट आधीच घातलंस तर झणका चढत नाही. मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घाल आणि मीठ त्यातच विरघळव, कारण तेलात मीठ विरघळत नाही. बाबांच्या बीपीमुळे मीठ चिमूटभरच. वरून मिरपूड. शेवटी सहा मोठे चमचे घाण्याचं शेंगतेल घाल, बरणीचं झाकण घट्ट लाव आणि जोरात हलव. तेल आणि लिंबू एरवी एकमेकांपासून फटकूनच राहतात, पण मोहरी मध्ये पडली की बरणीतलं पिवळसर, दाटसर होतं आणि काकडीच्या फोडीला धरून राहतं. काही वेळानं वेगळं झालं तरी बिघडलं समजू नकोस, पुन्हा हलव.

साखर चिमूटभरही नको, मधही नको. आणि बाबा, वरून तासगावचे बेदाणे तर अजिबात नकोत. शंभर ग्रॅम बेदाण्यात साठ ग्रॅमच्या आसपास साखर असते. गोडाची आठवण आलीच तर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट घ्या, चव भरून येते. दुकानातलं काळपट बाल्सामिक व्हिनेगर मात्र घेऊ नका, ते मुळातच गोडसर असतं.

एका ताटाला एक मोठा चमचा पुरे. चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात, त्यामुळे कर्बोदकं नाहीत म्हणून हात सैल सोडायचा नाही. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. लसूण हवा असेल तर ताटापुरताच ठेचून घाला. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ठेवून देऊ नका, त्यात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात.

एक गोष्ट मात्र ऐकाच, बाबा. सॅलड वाढलं म्हणून आपल्या मनानं भाकरी बंद करू नका. तुमच्या गोळ्या आहे त्या जेवणाच्या हिशोबानं दिलेल्या आहेत. भाकरी एकदम कमी झाली तर साखर खाली जाऊन चक्कर येऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा, ते गोळी कमी करायची की नाही ते सांगतील. आई, तू बरोबर जा आणि ते काय म्हणाले ते मला संध्याकाळी फोनवर सांग.

तुमची,
मनू