काका, आता आधी कड बघते

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फोन घेण्यापलीकडे काही करत नाही, म्हणून हे पत्र नातीने तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं अशी तिला ताकीद दिली आहे. चारचौघांत लिहायचं कारण एवढंच, की गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारलं, कॅमेऱ्यात घालायचा ब्लॅक अँड व्हाईट फिल्मचा रोल कुठला घेऊ, घरी धुता येतो का. दर वेळी मी तुमची वाक्यं माझी म्हणून खपवली. आता ते मनाला खायला लागलंय.

तुमच्या बंद स्टुडिओच्या पायरीवर मी पहिल्यांदा आले ती पिशवी घेऊन. पिशवीत पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला पेंटॅक्स के-१००० कॅमेरा आणि तीन रोल. एक ५० स्पीडचा, एक ४००चा, एक ३२००चा; आकडा जितका मोठा तितक्या कमी उजेडात भागतं. वाटलं होतं, तयारी बघून खूश व्हाल. तुम्ही म्हणालात, "दोन घरचा पाव्हणा उपाशी. तू तर तीन घरं धरलीस." मग ५०चा आणि ३२००चा उचलून पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात घातलात, डबा फ्रीजमध्ये. उरला इलफर्डचा एचपी-५. वर्षभर हाच, आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं औषध, एकच, डी-७६. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

४००च का, हे तुम्ही रंकाळ्यावर नेऊन दाखवलंत. भर उन्हातही चालतो, संध्याकाळी कट्ट्यावर हातात कॅमेरा धरूनही चालतो, आणि उजेड थोडा जास्त झाला तर पोटात घालतो. ५०चा रोल संध्याकाळी स्टँड मागतो. ३२००च्या फोटोतले दाणे नवशिक्याच्या हातात वाळूसारखे दिसतात, आणि चूक आपली की रोलचा स्वभाव, तेच कळत नाही. चपट्या दाण्यांचे नव्या पद्धतीचे रोलही नंतर, कारण वेळ किंवा तापमान जरा हललं की ते लगेच रुसतात. बोलता बोलता तुम्ही 'इंदू'वर गेलात. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा रोल, तुमची कितीतरी लग्नं त्याच्यावर झालेली. आता तो कारखानाही गेला आणि आम्ही बाहेरच्या देशांतून आलेल्या रोलसाठी पाकीट रिकामं करतो. त्या दिवशी तुम्ही अर्धा तास गप्प होता.

पहिला रोल मी तुम्हाला न विचारता धुतला. सिनेमात बघितलेलं, म्हणून बाथरूममध्ये झीरोचा लाल दिवा लावला आणि त्या उजेडात ऐटीत रोल उघडला. निघाला तो कोळसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत; निगेटिव्हवर उजेड लागेल तिथे काळं होतं. तुम्ही आधी पोटभर हसलात, मग सांगितलंत: लाल दिवा कागदासाठी. कागदाला लाल रंग दिसत नाही, पण हा रोल पॅनक्रोमॅटिक, त्याला सगळे रंग दिसतात, लालही. त्याला फक्त काळोख चालतो. मग सरस्वतीबाई फाळक्यांची आठवण काढलीत. दादासाहेबांच्या कच्च्या फिल्मला ती बाई काळोखात भोकं पाडायची, धुवायचीसुद्धा, आणि तुला साधा रोल रिळावर चढवता येईना!

धुण्याच्या बंद टाकीत जाणाऱ्या त्या रिळावर फिल्म चढवणं मला खरंच येईना. तुम्ही एक मुदत संपलेला रोल दिलात. आधी उजेडात, मग डोळे मिटून, मग गोधडीखाली. उन्हाळ्यात गोधडीखाली हाताला घाम सुटतो आणि प्लास्टिकचं रीळ जरा जरी ओलं असलं तरी फिल्म मधेच अडकते. तेव्हा ओढायचं नाही, दोन मिनिटं थांबायचं, हे मी तीन फिल्म चुरगाळून शिकले. आता रात्री दहानंतर चढवते, रीळ आदल्या दिवशीच वाळवून.

डी-७६ची पुडी मी विकत आणली तेव्हा तुम्ही पाढा म्हटल्यासारखं म्हणालात, "मेटॉल दोन, सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन." ग्रॅममध्ये, एका लिटरला. १९२७पासून कोडॅकचं हेच चाललंय आणि तुम्ही ते तराजूवर तोलून केलंय. चिमूटभरच सल्फाइट आधी टाकायचं, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट; सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळायला कुरकुरतं. पुडीवाल्या पिढीला याचा उपयोग नाही, पण मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

माझ्या वहीत आता इतकंच असतं: डी-७६ दीडशे मिली, पाणी दीडशे, वीस अंशाला अकरा मिनिटं. पहिलं अर्धं मिनिट टाकी हलवायची, मग दर मिनिटाला दहा सेकंद. उलटी करून खाली ठेवताना ओट्यावर हलकेच आपटायची, बुडबुडे सुटतात. मग डेव्हलपर थांबवणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा हायपो. हायपोत आधी रोलच्या शेपटीचा कापलेला तुकडा टाकून बघायचा, किती वेळात स्वच्छ होतो, आणि त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यायचा. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरने, नाहीतर बोअरच्या पाण्याचे डाग पडतात.

वीस अंश म्हणजे कोल्हापुरात मे महिन्यात चेष्टाच. गच्चीवरच्या टाकीतून एकतीस अंशांचं पाणी येत होतं आणि मी तशीच अकरा मिनिटं दिली. आकाश पार भरून काळं, दाणे फुगलेले. तुम्ही बर्फ बाटलीत नाही, बाटलीभोवती लावायला सांगितलंत. आणि वीसपर्यंत उतरत नसेल तर हट्ट सोडायचा, चोवीसवर थांबायचं, अकराचे साधारण साडेसात करायचे. पाच मिनिटांच्या खाली मात्र जायचं नाही, पट्टे पडतात.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ती गोष्ट दुसऱ्या रोलची. सगळी निगेटिव्ह फिकट, पापडासारखी पारदर्शक. मी ठरवूनच आले होते की डेव्हलपर कमी पडला, पुढच्या वेळी पाच मिनिटं जास्त देणार. तुम्ही हात पाठीमागे बांधलेत. रोल हातात घेतलाच नाहीत. "फोटो नंतर बघ. आधी कड बघ," म्हणालात.

कडेला भोकांच्या बाजूला रोलचं नाव आणि आकडे असतात, ते मी पाहिलेच नव्हते. ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात. माझ्या कॅमेऱ्याचा, माझ्या चुकीचा त्यांच्याशी संबंध नाही. धुतल्यावर ते खणखणीत काळे आले म्हणजे धुणं ठीक. आकडे काळे आणि फोटो फिकट म्हणजे मी उजेड कमी दिला. आकडेही फिकट असतील तर मग डेव्हलपर, वेळ, तापमान. रोल कोरा पण आकडे आहेत म्हणजे कॅमेऱ्यात रोल सरकलाच नाही. आकडेसुद्धा नाहीत म्हणजे हायपो आधी ओतलास, कर्मा!

माझे आकडे काळे होते. मग तुम्ही मला विचारत गेलात, सांगितलं काहीच नाही. उजेड मोजायचं मीटर कुठे धरलंस? रंकाळ्याच्या आकाशाकडे. फोटो कशाचा? झाडाखाली बसलेल्या आज्जीचा. मग आज्जीला उजेड कुणी द्यायचा? मी तिथेच पायरीवर बसले. पाच मिनिटं जास्त धुऊन आज्जीच्या साडीच्या घड्या आल्याच नसत्या, कारण जिथे उजेड पोचलाच नाही तिथे डेव्हलपर काय उगवणार? "सावली कॅमेऱ्यात राखायची, ऊन टाकीत." म्हणजे सावलीसाठी उजेड पुरेसा द्यायचा, उन्हाचा भाग धुण्याच्या वेळेने आवरायचा. तेव्हापासून कडक उन्हात मी ४००चा रोल २००चा समजून काढते आणि धुताना वेळ थोडी कमी करते.

एका दुकानात मला सांगितलं होतं की हे आता कुणी करत नाही, नाद सोडा. तुम्ही मात्र रोल माझ्या हातातून कधी काढून घेतला नाहीत. तुम्ही दहा मिनिटांत धुऊन दिला असतात, मला माहीत आहे. पायरीवर बसून माझ्या चुका बघत राहणं त्याहून अवघड असणार, त्यात तुमचे गुडघे. त्याचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही, म्हणून हे एवढं लांबलं.

सव्वीसावा रोल आत्ता दोरीवर वाळतोय, खाली कपड्यांचा चिमटा लावलाय. आकडे काळे आहेत. आज्जी पुन्हा भेटल्या, या वेळी घड्या आल्यात.

वर्ष कधीच उलटलं. ३२००चा रोल फ्रीजमध्येही फार टिकत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. रविवारी येते, पेढ्यांचा डबा काढून ठेवा. बर्फ मी आणते.

तुमची,
पिशवीवाली पोरगी