माझा साक्षीदार आरोपीच्या गाडीतून कोर्टात आला : मा. गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मी जळगाव जिल्ह्यातला, तापीच्या उत्तरेकडचा, एकेकाळी केळी पिकवणारा शेतकरी. बारावीपर्यंत शिकलो, पुढे वडिलांची बाग सांभाळली. गावाचं, तालुक्याचं आणि माझं स्वतःचं नाव इथे लिहीत नाही. खटला चालू आहे आणि माझ्या घरातल्या एकाची साक्ष अजून व्हायची आहे. आपला वेळ मोलाचा आहे, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचावं ही हात जोडून विनंती. हात जोडले की उजव्या हाताची दोन बोटं कमी भरतात. त्याच बोटांचा हा खटला आहे.

गेल्या मंगळवारी माझा रखवालदार कोर्टात फितूर झाला.

तो सातपुड्यातल्या एका पाड्यावर राहतो. आदल्या दिवशी दिवेलागणीला त्याला पोलिसाचा फोन गेला, की उद्या अकराला हजर राहा, नाहीतर वॉरंट निघेल. कागदी समन्स हातात नाही. पाड्यावरून फाट्यापर्यंत चार किलोमीटर पायी, तिथून एसटी, आणि ती एसटी तालुक्याला साडेअकराच्या आधी पोचत नाही. भाड्याला पैसे नाहीत, वॉरंटची भीती पोटात. सकाळी सातला आरोपीच्या चुलतभावाची बोलेरो त्याच्या झोपडीपुढे उभी राहिली. मी कोर्टाच्या गेटसमोर होतो. साडेदहाला ती गाडी आली आणि मागच्या दारातून माझा साक्षीदार उतरला. त्यांनीच त्याला टपरीवर पोहे दिले, चहा पाजला. माझ्याकडे बघायचं टाळत तो उभ्यानेच प्यायला.

कोर्टाच्या व्हरांड्यात एकच लाकडी बाक आहे. त्यावर तीन आरोपी, त्यांचे दोन नातेवाईक आणि त्यांच्या मधोमध तो. मी खांबाला टेकून. अडीचला पुकारा झाला तोवर साडेतीन तास तो त्यांच्यात बसून होता. कोर्टातलं काम बघणारा पैरवीचा पोलीस दोनदा समोरून गेला, त्याने पाहिलं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "मी त्या रात्री झोपलो होतो, मला काही माहीत नाही." सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित करून उलटतपासणी घेतली, पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवला. त्यावर तो म्हणाला, "पोलिसांनी माझ्या जबाबात तसे का लिहिले, याचे कारण मला सांगता येणार नाही." साहेब, हे वाक्य त्याचं नाही. तो घरात पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतो आणि आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी. 'कारण सांगता येणार नाही' असं मराठी त्याच्या तोंडून मी बारा वर्षांत ऐकलेलं नाही. ते गाडीत घोकून घेतलेलं होतं.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. तो खाली बघून एवढंच बोलला, "मी काय करू आप्पा, माले तठेच ऱ्हावानं शे." आणि परत त्याच गाडीत जाऊन बसला. त्याच्या गावाकडे जायला दुसरी गाडी नव्हती.

मला त्याचा राग येत नाही, आणि हेच सांगण्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये त्या रात्री शिवरस्त्याच्या जुन्या भांडणावरून माझ्या बागेत घुसून आरोपींनी निसवणीला आलेली केळी कापायला घेतली. साडेबाराशे खोडं आडवी केली, ठिबकच्या नळ्या तोडल्या. खोडाला पोटच्या लेकरासारखं जपलेलं असतं हो. मी बॅटरी घेऊन धावलो. तोंडावर उजेड पडताच विळा आला, मी हात आडवा केला. मला सरीतून ओढून बाहेर काढणारा, स्वतःचं उपरणं फाडून माझा हात बांधणारा आणि अंधारात पळत जाऊन ट्रॅक्टर आणणारा माणूस हाच. तो नसता तर मी तिथेच, केळीच्या चिकातच रक्त वाहून गेलो असतो. तोच आज म्हणतो, मी झोपलो होतो. त्याला झोपवलं कुणी?

तपासी अधिकाऱ्यांनी मला दवाखान्यात शब्द दिला होता, की या रखवालदाराचा जबाब फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 164 प्रमाणे मॅजिस्ट्रेटसमोर घेऊ, मग तो फिरणार नाही. मी चार वेळा आठवण केली. प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात'. मग त्यांची बदली झाली, नव्या साहेबांनी दोषारोपपत्र पाठवून दिलं. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सहीसुद्धा नसते, तो पुरावा म्हणून उभा राहत नाही, साक्षीदार फिरला तर त्याला आडवं घेण्यापुरताच कामाचा, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. तो वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ज्या खात्याच्या हातात माझं सगळं प्रकरण होतं, त्या खात्याने हे मला कधी समजावलं नाही.

आता 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे आलेत. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी आणलेल्या साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटने नोंदवलाच पाहिजे असं त्यात आहे. तपास कुठवर आला ते 90 दिवसांत पीडिताला कळवायचं आहे. राज्यांनी साक्षीदार संरक्षणाची योजना करायची आहे, ते नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 398. वाचून बरं वाटलं. पण माझा खटला जुना, त्याला जुनाच कायदा. बोटं तीन वर्षं आधी तुटली, एवढाच माझा दोष.

आणि जुन्या कायद्यात तरी काय कमी होतं? महाराष्ट्राने साक्षीदार संरक्षणाचा स्वतःचा कायदा 2017 मध्येच केला. 5 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात समिती, साक्षीदाराने अर्ज केला की पोलीस उपअधीक्षकांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, अहवाल आला की पाच कामाच्या दिवसांत निर्णय. साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था, सुनावणीला नेण्या-आणण्यासाठी सरकारी गाडी, हे सगळं त्या योजनेत लिहिलेलं आहे. सरकारी गाडी, साहेब! माझ्या साक्षीदाराला गाडी मिळाली, ती आरोपीची.

त्याला धमकी आली तेव्हा, दीड वर्षापूर्वी, मी स्वतः त्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेलो होतो. पाड्यावर जाऊन आरोपीकडच्यांनी त्याला विचारलं होतं, की तुझा पोरगा ऊसतोडीला जातो ना, एकटाच जातो का? ठाणे अंमलदारांनी एन.सी. नोंदवली. अदखलपात्र. कोर्टात जाऊन दाद मागा असा छापील समजपत्राचा कागद हातात दिला. साक्षीदाराला खोटी साक्ष दे म्हणून धमकावणं हा जुन्या कायद्यातही, भारतीय दंड संहितेच्या कलम 195 अ खाली, दखलपात्र गुन्हा होता, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला ठाऊक असायला हवं होतं की नाही? तो कागद रखवालदाराने घडी करून खिशात घातला. त्या दिवसापासून तो माझ्या शेतात कामाला आला नाही. खरं तर तो त्याच दिवशी फितूर झाला. मंगळवारी फक्त त्याची नोंद झाली.

माझं म्हणाल तर तारखा मी लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पाकिटावर लिहीत होतो. एकतीस झाल्या, दोन-चार इकडेतिकडे असतील, कारण मध्ये पाकीट भिजलं. आरोपीचे वकील आले नाहीत, जज्जसाहेब रजेवर, जज्जसाहेबांची बदली, मुद्देमाल आणला नाही, समन्स बजावलं नाही, बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या खटल्यांची यादी, मोठा आहे. एकतीस दिवस मी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून गेलो आणि संध्याकाळी तसाच परत आलो. एका तारखेला भाडं, जेवण, बुडालेलं काम मिळून हजार-बाराशे धरा. पस्तीसेक हजार तर असेच गेले. माझ्या साक्षीच्या दिवशी भत्त्याच्या व्हाउचरवर सही घेतली, पैसे आले की कळवू म्हणाले. अजून कळवायचे आहेत. 2021 साली बाग गेली, कर्ज राहिलं, थोरलीचं लग्न पुढे ढकललं. आता मी केळी लावत नाही, कापूस लावतो. विळा धरता येत नाही. फावड्याच्या दांड्याला करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट किती लागतं, ते नसल्याशिवाय कळत नाही. थंडीत जिथे बोट नाही तिथे दुखतं. बायको रात्री दोनदा उठून कडी बघते.

आरोपींना जामीन मिळाला हे मला कुणी सांगितलं नाही. पानटपरीवर त्यांना उभं पाहिलं तेव्हा समजलं. 2022 च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या वेळीसुद्धा, म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तो निकाल दिल्लीहून आमच्या तालुक्याला यायला किती वर्षं लागतात? नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, हे तर मला तिसऱ्या वर्षी कळलं, तेही रुग्णालयात दुसऱ्याच कुणाशी गप्पा मारताना.

वर आप्तांचा आग्रह, मिटवून टाक. पोलीस पाटील, सोयरे, सोसायटीचे चेअरमन, सगळे एकच बोलले. मी मिटवलं नाही. आता लोक मला हट्टी म्हणतात.

साहेब, ही एकट्या माझी गोष्ट नाही. 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने स्वरणसिंगच्या निकालात साक्षीदाराचे हाल लिहून ठेवलेत. त्याला धड बसायला जागा नाही, दिवसभर ताटकळत ठेवून तारीख देतात, तो धमक्या सोसतो, आणि म्हणून चांगली माणसं साक्षीला यायला नको म्हणतात. पंचवीस वर्षं झाली. आमचा बाक तोच आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भर आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या बाजारात शेकडो डोळे होते. त्या डोळ्यांना कोर्टात उभं राहायचं बळ कोण देणार होतं? बरोबर सहा वर्षांनी, त्याच 1 जुलैला, नवे कायदे लागू झाले. ते पाच जणही आठवावेत, एवढंच मला वाटलं. जळगावचे उज्ज्वल निकम यांनी कसाबच्या खटल्यात सरकारची बाजू मांडली, याचा आम्हा खान्देशवाल्यांना अभिमान आहे. पण मोठ्या खटल्याला विशेष सरकारी वकील आणि आमच्या खटल्यात सरकारी वकिलाच्या टेबलावर एका दिवशी पन्नास-साठ फायली, त्यात ते माझी फाईल पुकारा झाल्यावर उघडतात. मी पाहिलंय. देशातल्या खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर खटले पडून आहेत, त्यात तीन कोटींहून जास्त फौजदारी. त्या प्रत्येकात माझ्यासारखा एक फिर्यादी आणि दोन-चार साक्षीदार धरा. एवढी माणसं व्हरांड्यात उभी आहेत आणि विधानसभेत भाषणं चालतात ती शिक्षेचं प्रमाण वाढवण्याची. शिक्षा साक्षीने होते. साक्ष माणूस देतो. त्या माणसाला रात्री त्याच्याच पाड्यावर झोपायचं असतं.

माझं मागणं मोठं नाही. तालुक्याच्या प्रत्येक कोर्टात साक्षीदारांसाठी एक वेगळी खोली असावी, जिला आरोपीच्या बाकावरून दार नसेल. समन्स आठ दिवस आधी, हातात. भाडं त्याच दिवशी रोख. पोलीस स्टेशनच्या भिंतीवर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज कुठे करायचा ते मराठीत लिहिलेलं असावं, आणि आमच्या पट्ट्यात पावरीतही. माझ्या रखवालदारावर खोट्या साक्षीची कारवाई करू नये, हेही मागणंच समजा. कारवाई करायची तर त्या बोलेरोत त्याला बसावं का लागलं, याची करा.

पुढची तारीख येत्या 17 ची आहे. साक्ष माझ्या धाकट्या मुलाची. त्या रात्री तो पंधरा वर्षांचा होता, मला जेवणाचा डबा द्यायला शेतात आला होता. आता शिकायला बाहेरगावी असतो. त्याची आई म्हणते, पोराला पाठवू नका. तो म्हणतो, मी येणार. तो सकाळी पावणेदहाच्या एसटीने उतरेल. व्हरांड्यात तोच बाक असेल आणि आरोपी त्याच्यावर बसलेले असतील. त्याला मी कुठे बसवू, हे 17 च्या आधी कळवावं.

आपला,
एक फिर्यादी
तापीकाठ, जि. जळगाव