उन्हाळ्यात अळिंबीच्या पिशव्या टांगू नका

महोदय,

घरच्या घरी अळिंबी पिकवणाऱ्यांची संख्या जळगाव-धुळ्याकडे वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण 'बारमाही उत्पन्न' म्हणत एप्रिल-मे महिन्यात भुसा आणि अळिंबीचे बियाणे भरलेल्या तयार पिशव्या गळ्यात मारल्या जातात, हे थांबायला हवे. धिंगरी (ऑयस्टर) अळिंबीला साधारण २० ते २८ अंश तापमान आणि ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. भुसावळला पारा ४४-४५ वर असताना घरात कितीही पाणी मारा, ते जमत नाही. पस्तीस अंशांपुढे बियाण्याचे (स्पॉनचे) पांढरे धागे मरगळतात आणि हिरवी बुरशी पिशवी बळकावते. आपल्या वाचकांसाठी कृपया एवढे छापावे.

खान्देशात पेरणीचे, म्हणजे पिशव्या भरण्याचे, दोनच हंगाम धरावेत. पहिला जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत आणि दुसरा नोव्हेंबर ते १०-१५ जानेवारी. पिशवी पांढरी व्हायला १५ ते २० दिवस आणि त्यानंतरच्या तीन तोडण्या धरून ४५ ते ५० दिवस जातात. जानेवारीच्या अखेरीस भरलेल्या पिशवीची शेवटची तोडणी मार्चच्या उन्हात सापडते. जागा धाब्याच्या, मातीच्या भिंतीच्या घरातली उत्तम. पत्र्याखाली प्रयत्नच करू नये.

दोन किलो कोरड्या कुटारापासून (मळणीनंतरच्या भुशापासून) सुरुवात करावी. गव्हाचे किंवा सोयाबीनचे कुटार चालते, मात्र ते चालू हंगामाचे आणि पावसात न भिजलेले हवे. काळपट, कुबट वास येणारे घेऊच नये. पऱ्हाटीवरही (कपाशीच्या वाळल्या काड्यांवरही) धिंगरी येते, पण तिचे बारीक तुकडे करणे घरी अवघड, म्हणून पहिल्या खेपेला ती नको. कुटार पोत्यात भरून आठ-दहा तास गार पाण्यात भिजवावे, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावे. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या तळातून बारीक बुडबुडे येत राहतील एवढाच जाळ ठेवावा. खळखळ उकळले तर कुटाराचा लगदा होतो आणि पुढे ते आंबते.

अनेक माहितीपत्रकांत १०० लिटर पाण्यात १२५ मिली फॉर्मलिन आणि ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक टाकून कुटार १६ ते १८ तास भिजवायला सांगतात. मोठ्या शेडवर ती पद्धत चालत असेल, पण राहत्या घरात, मुलाबाळांत ती अजिबात नको. फॉर्मलिनच्या वाफेने डोळे आणि घसा जळतो, आणि त्यातले फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. गरम पाण्याने तेच काम होते, फक्त सरपण थोडे जास्त लागते.

उपसलेले कुटार उतरत्या, स्वच्छ ताडपत्रीवर निथळू द्यावे. सगळी बाजी इथे ठरते. मूठभर कुटार जोरात दाबले तर तळवा ओला व्हावा, पण बोटांमधून पाण्याची धार लागू नये. जास्त ओले राहिले की पिशवीच्या तळाशी पाणी साचते, आंबूस वास सुटतो आणि काळ्या, वितळणाऱ्या छत्र्या उगवतात. त्या धिंगरी नव्हेत, खाऊ नयेत. कुटार हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय बियाणे टाकू नये, ते भाजून मरते.

दोन किलोचे निथळून सहा किलोच्या आसपास होते. त्याला दोन टक्क्यांनी १२० ग्रॅम बियाणे पुरते. नवख्याने १८० ग्रॅम घ्यावे, म्हणजे हिरव्या बुरशीला वाव मिळत नाही. बियाणे पांढरेशुभ्र हवे. हिरवा ठिपका दिसला तर परत करावे. आणताना गाडीच्या डिकीत तापू देऊ नये. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत कुटाराचे तीन-तीन इंचांचे थर द्यावेत, प्रत्येक थरावर बियाणे कडेकडेने जास्त टाकावे, दाबून भरावे, तोंड सुतळीने बांधावे आणि दाभणाने वीस-पंचवीस भोके पाडावीत, त्यातली काही तळाला. अंधाऱ्या खोलीत सुट्या सुट्या ठेवाव्यात. आतली उष्णता बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त असते, एकमेकींना चिकटून ठेवल्या की त्या तापतात. या काळात पाणी मारायचे नाही.

पिशवी पूर्ण पांढरी झाली की प्लॅस्टिक काढावे. आता वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड आणि सकाळ-संध्याकाळ खिडकी उघडी हवी. देठ लांबुडके आणि छत्री बटणाएवढी राहिली, तर हवा कोंडली आहे असे समजावे. टाचणीच्या डोक्याएवढे कोंब पिवळे पडून वाळले, तर आर्द्रता कमी आहे. भिंतींना ओले गोणपाट लावावे आणि बारीक फवारणी दिवसातून तीन-चार वेळा करावी. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ती वाढवावी लागते. पावसाळ्यात बारीक माश्या येतात, त्यासाठी खिडकीला दाट जाळी हवी. कीटकनाशक मारू नये, ते थेट पोटात जाते.

छत्रीची कड वर वळण्याआधी, देठ पिरगळून तोडणी करावी. उशीर झाला की पांढरी भुकटी झडते, ती श्वासात गेल्याने खोकला आणि दम लागतो. म्हणून झोपायच्या खोलीत पिशव्या टांगू नयेत आणि दम्याच्या रुग्णाला तोडणीला लावू नये. तीन तोडण्यांत दोन किलो कुटारावर किलो-सव्वा किलो ताजी अळिंबी मिळाली, तर पीक साधले.

विकली गेली नाही तर उन्हात कडकडीत वाळवावी. दहा किलोची साधारण एक किलो होते आणि हवाबंद डब्यात टिकते. उरलेले कुटार त्याच दिवशी खोलीबाहेर काढून गांडूळखतात टाकावे, नाहीतर त्यातल्या माश्या पुढच्या पिशव्यांवर बसतात.

– धिंगरी पिकवणारे काही शेतकरी, यावल-रावेर