पगाराच्या स्लिपवरची ती कपात, आणि अजून एक गोष्ट

प्रिय आई-पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम. मी एकदम ठीक आहे, सर्दी गेली. आई, व्हिडिओ कॉलवर मी बारीक दिसते ते कॅमेऱ्यामुळे, वजन दीड किलो वाढलंय, आता काट्याचा फोटो पाठवू का?

पप्पा, माझी स्लिप झूम करून बघितलीत आणि ती कपात कसली म्हणून दादाला विचारलंत, मला नाही. मला कोणी फसवत नाहीये. तो चर्च टॅक्स आहे, सरकारच कापतं. नीट सांगते, मलाही महिनाभर कळलं नव्हतं. इथे जर्मनीत राहायला आलं की सरकारी ऑफिसात पत्ता नोंदवतात, त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, तिथे एव्हांगेलिश, म्हणजे प्रोटेस्टंट, लिहिलं की दर महिन्याला टॅक्सवर ९ टक्के चर्चचे. पगारावर नाही हां, टॅक्सवर! ४०० युरो टॅक्स कापला तर ३६ चर्चला, तुम्ही चर्चला कमाईचा दशांश देता त्यापुढे काहीच नाही. गंमत पुढेच आहे, चर्च सोडायचं तर पाळकसाहेबांकडे जायचं नाही, कोर्टात जायचं. काउंटरवर सही केली की सुटलात. हॉस्पिटलात आमच्या वॉर्डातली एक नर्स सही करून आली आणि नाताळच्या उपासनेला माझ्याच शेजारी बसून मोठमोठ्याने गात होती.

मलाही रांगेतली मुलगी म्हणाली होती, रकाना सोडून दे, पैसे वाचतील, देवाला कळतं सगळं. पेन थांबलं होतं माझं, खोटं कशाला बोलू. मग लिहिलं. नगरला मला हे कधी ठरवावंच लागलं नाही ना, बाप्तिस्मा तुमच्या हातावर झाला आणि दृढीकरणाच्या, म्हणजे विश्वास स्वतः कबूल करायच्या, दिवशी सगळं लक्ष पांढऱ्या ड्रेसवर.

ड्युटीला जाताना यू-६ मेट्रो बर्लिनच्या टेगेल तुरुंगाजवळून जाते. तिथे डीट्रिश बोनहोफर नावाचे पाळक कैदेत होते, हिटलरच्या विरोधातले. १९३९ ला अमेरिकेत सुखरूप पोचले होते, महिन्याभरातच परत फिरले. जानेवारी १९४३ मध्ये लग्न ठरलं, हे ३६ चे, मुलगी १८ ची, आणि ५ एप्रिलला अटक. लग्न झालंच नाही, ९ एप्रिल १९४५ ला फाशी दिली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला, उद्याचा भरवसा नाही तर कुणाच्या पोरीला शब्द द्यायचाच कशाला. आता गाडी तिथून गेली की माझाच राग येतो. सगळं सेट झालं की बघू म्हणत मी तीन वर्षं काढली, आणि इथे तर बॉम्बही पडत नाहीयेत.

तर. जालन्याच्या स्थळाला नाही कळवा. मी ते लटकत ठेवलं, नाही म्हणायला घाबरत होते म्हणून. आमच्याच हॉस्पिटलमध्ये एकजण आहे, केरळातल्या कोट्टायमचा, तिथल्याच मार्थोमा चर्चचा. दोन वर्षं झाली. दोन वर्षं रोज फोन केला तुम्हाला आणि रोज सांगायचं राहिलं. आई, रडू नकोस, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला त्यानंतर त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, तो घ्यायला पाच वर्षं लागली तरी संसार टिकला असं आजीच सांगायची, इथे तर फक्त भाकरी की भात एवढाच प्रश्न आहे. इथले म्हणतात आधी एकत्र राहून बघा. आम्हाला बघायचं नाहीये, करायचंय. आपल्याच चर्चमध्ये, तीन रविवार नावं वाचून, ज्याला हरकत असेल त्याने तेव्हाच बोलावं, आत्याला तर नक्की सांगा. आणि काकांना सांगा, बर्लिनच्या वेडिंग भागात राहते मग वेडिंग कधी, हा जोक आता बंद.

४० हजार पाठवलेत, त्यातून पप्पांचं मोतीबिंदूचं आधी, छपराचे पत्रे नंतर. पुढे ढकलू नका. आजीच्या मातीला मी आले नाही, ते तुम्ही कधी बोलून दाखवत नाही, पण मला कळतं.

डिसेंबरची तिकिटं काढली. दोन. स्वस्तातली आहेत, रिफंड नाही मिळत. शनिवारी फोन करते, पप्पा, तुम्हीच उचला.

तुमची,
बेबी